‘आज्ञाधारक सेवक’ : दरबारी इंग्रजीची जन्मकथा आणि साधे शब्द

इंग्रजी अर्जाच्या शेवटी ‘युवर मोस्ट ओबीडियंट सर्व्हंट’, म्हणजे ‘आपला परम आज्ञाधारक सेवक’, असे लिहून खाली सही ठोकण्याचा प्रघात आपल्या देशात पिढ्यान्‌पिढ्या चालला. आरंभी ‘आय बेग टु स्टेट’, मध्ये ‘द सेम इज एन्क्लोज्ड हियरविथ’, शेवटी ‘काइंडली डू द नीडफुल’, आणि त्याखाली सेवकाची सही, असा हा चौकोनी साचा. साहेब गेला, टपालाच्या जागी ई-मेल आला, तरी साच्याचे तुकडे अजून आपल्या पत्रांतून डोकावतात. हे शब्द आले कोठून, त्यांतील कोणते आजही उपयोगाचे, कोणते केवळ अंगरख्यासारखे वरून चढविलेले, आणि त्यांच्या जागी साधे शब्द घातल्याने काय साधते, याचा ऐतिहासिक विचार आम्ही या व्याख्यानात करणार आहोत.

आमचे म्हणणे आरंभीच सांगून टाकतो. दरबारी भाषेतील बहुतेक वाक्प्रचार जन्माला आले तेव्हा त्यांना काहीतरी काम होते. ते काम संपले, शब्द मात्र उरले. ज्याला त्या शब्दाचे मूळ काम ठाऊक आहे, तोच तो अचूक वापरू शकतो; आणि काम संपले आहे हेही त्यालाच उमगते. म्हणून अचूकपणा आणि साधेपणा या दोन वेगळ्या शिकवणी नव्हेत, एकाच ज्ञानाची ती दोन फळे होत.

आता मूळ गोष्टीकडे वळू. १०६६ साली नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकले. पुढे राज्यकर्त्यांची व न्यायालयांची भाषा फ्रेंच झाली, धर्माची व दप्तराची लॅटिन राहिली, आणि शेतावरची, बाजारातली इंग्रजी खाली पडली. एका देशात तीन भाषांचा संसार मांडला, की दस्तऐवज लिहिणारा कारकून धास्तावतो. एक शब्द लिहावा तर दुसऱ्या पक्षाला कळेल की नाही? म्हणून तो जोडीने शब्द लिहू लागला. ‘विल अँड टेस्टामेंट’ यातला पहिला शब्द इंग्रजी, दुसरा लॅटिनमधून आलेला. ‘गुड्स अँड चॅटल्स’, ‘फिट अँड प्रॉपर’, ‘ब्रेकिंग अँड एंटरिंग’ या जोड्यांतही पहिला देशी, दुसरा फ्रेंचांकडचा. अर्थात प्रत्येक जोडीचा उगम असाच आहे, असे समजू नये. ‘टु हॅव अँड टु होल्ड’ यातले दोन्ही शब्द अस्सल इंग्रजी आहेत; तेथे कानाला गोड लागणारी लय हेच कारण दिसते.

मराठी माणसाला यात नवल वाटू नये. आपल्याकडे फारसीचा अंमल आला तेव्हा आपणही हेच केले. ‘कागदपत्र’ यातला कागद फारसीकडून आलेला आणि पत्र संस्कृत. ‘धनदौलत’ यात धन आपले, दौलत अरबी. ‘बाजारहाट’, ‘रीतरिवाज’ यांचीही तीच कुळकथा. फरक एवढाच, की आपल्या जोड्या घरोघरी बोलल्या जाऊन गुळगुळीत झाल्या. इंग्रजांच्या कित्येक जोड्या वकिलाच्या बस्त्यातच राहिल्या, आणि सामान्य माणसाला वाटू लागले की दोन शब्द आहेत त्या अर्थी दोन अर्थ असलेच पाहिजेत. तसे बहुधा नसते. ज्या जोडीतला एक शब्द काढला तरी अर्थ तसूभर हलत नाही, तेथे एकच ठेवावा, हा पहिला धडा या इतिहासातून मिळतो.

इंग्रज जनतेला आपलीच भाषा न्यायालयात परत मिळवायला किती काळ लागला, ते पाहण्यासारखे आहे. तिसऱ्या एडवर्डच्या कारकिर्दीत, १३६२ साली, न्यायालयातील वादविवाद इंग्रजीत चालावेत असा कायदा झाला. कारण असे दिले होते, की फ्रेंच भाषा लोकांना फारशी कळत नाही, त्यामुळे आपल्या बाजूने वा विरुद्ध काय बोलले जात आहे हे पक्षकारांना समजत नाही. कारण मोठे न्याय्य. पण गंमत अशी, की हा कायदा स्वतः फ्रेंच भाषेत लिहिला होता, आणि नोंदी लॅटिनमध्ये ठेवाव्यात असे त्यातच म्हटले होते! पुढे १६५० साली, राजाचा शिरच्छेद करून सत्तेवर आलेल्या पार्लमेंटने कायद्याची पुस्तके व कज्जे इंग्रजीत आणण्याचे फर्मान काढले. १६६० साली राजा परत आला आणि त्याबरोबर जुनी भाषाही परत आली. अखेर १७३० च्या कायद्याने, २५ मार्च १७३३ पासून, न्यायालयांचे कागद इंग्रजीत लिहिणे बंधनकारक झाले. म्हणजे पहिल्या कायद्यापासून ३७१ वर्षे लोटली. या अवधीत फ्रेंच व लॅटिन शब्द इंग्रजीच्या अंगात इतके मुरले, की भाषा बदलली तरी सुतकी चेहऱ्याचे ते शब्द तसेच राहिले.

शब्द लांबविण्यात कोणाचा तरी फायदाही असतो, हे विसरून चालणार नाही. एकोणिसाव्या शतकातही बराच काळ इंग्लंडात दस्तऐवजाची मजुरी त्याच्या लांबीवर ठरत असे. मग कोणता लेखनिक आखूड लिहील? या लांबणीला मिळालेल्या शिक्षेचा एक किस्सा इंग्रज वकील अजून चवीने सांगतात. १५९६ साली लंडनच्या चॅन्सरी न्यायालयात एका वादीच्या मुलाने प्रतिपक्षाला उत्तर म्हणून १२० पानांचा कागद तयार केला. १६ पानांत मावेल एवढाच त्यात मजकूर आहे, असे न्यायालयाला आढळले. हुकूम झाला : त्या कागदांच्या गठ्ठ्याला मधोमध भोक पाडावे, त्यातून या गृहस्थाचे डोके बाहेर काढावे, लिहिलेली बाजू बाहेर ठेवून तो गठ्ठा त्याच्या गळ्यात अडकवावा, आणि न्यायालये भरली असताना त्याला बोडक्याने वेस्टमिन्स्टर हॉलभर फिरवावे. वर दहा पौंड दंड. ही शिक्षा आज कोणी देणार नाही, आणि देऊही नये. परंतु वायफळ लिहिणे हा दुसऱ्याच्या वेळेचा व पैशाचा अपहार आहे, हे त्या न्यायाधीशाने ओळखले होते.

याच सुमारास इंग्लंडात दुसरे एक वेड शिरले होते. विद्वत्ता दाखविण्यासाठी लोक ग्रीक-लॅटिन शब्दांची भरताड करू लागले. अशा शब्दांना तेथे दौतीच्या शिंगातले शब्द म्हणून हिणवीत, कारण ते दौतीतून निघत, तोंडातून नव्हे. थॉमस विल्सन यांनी १५५३ च्या आपल्या वक्तृत्वशास्त्रावरील ग्रंथात अशा भाषेतले एक विनोदी पत्रच रचून दिले आहे. १६०४ साली रॉबर्ट कॉड्री यांनी इंग्रजीतून इंग्रजीत अर्थ सांगणारा पहिला कोश छापला, तो मुख्यतः या कठीण शब्दांचाच होता. ध्यानात घ्या, की इंग्रजांना स्वतःच्या भाषेचा पहिला कोश काढावा लागला तो स्वतःच्याच भाषेतील परके शब्द कळावेत म्हणून. आणि कोश हाती येऊनही चुका थांबल्या नाहीत. १७७५ साली शेरिडन यांच्या ‘द रायव्हल्स’ नाटकात मिसेस मॅलाप्रॉप अवतरल्या. भारदस्त शब्द चुकीच्या जागी फेकण्याची त्यांची हातोटी एवढी गाजली, की अशा चुकीला त्यांचेच नाव पडले. बाईंना शब्द कमी येत होते म्हणून लोक हसले नाहीत. गरज नसताना मोठे शब्द उसने आणले म्हणून हसले.

आता पत्रातील मायन्यांकडे येऊ. ‘आज्ञाधारक सेवक’ हा शब्दप्रयोग सरदार-दरबारातील श्रेणींमधून जन्मला. आपल्याकडेही ‘राजमान्य राजश्री’पासून ‘बहुत काय लिहिणे, लोभ असावा’ येथपर्यंत सारा बंदोबस्त होता, आणि कोणाला काय लिहावे याचे नियम सांगणारे मेस्तक हेमाडपंतांच्या नावावर सांगितले जाते. अशा मायन्यांचा एक उपयोग निश्चित होता : लिहिणारा कोण आणि वाचणारा कोण, हे पहिल्या ओळीतच ठरून जाई. पण अर्थ किती पोकळ होऊ शकतो हेही पाहा. १७५५ साली डॉ. सॅम्युअल जॉन्सन यांनी लॉर्ड चेस्टरफील्ड यांना जे पत्र लिहिले, त्यात त्यांनी त्या उमरावाचा आश्रय साफ झुगारून दिला. आणि त्या पत्राच्या शेवटीही ते त्यांचे अतिनम्र, आज्ञाधारक सेवकच होते! वाक्प्रचार सेवकाचा, मजकूर स्वाभिमानी माणसाचा.

हाच साचा जहाजात बसून आपल्याकडे आला. १८३५ साली मेकॉलेंचे शिक्षणविषयक टिपण पुढे आले, १८३७ साली कंपनी सरकारने न्यायकचेऱ्यांतून फारसी हटविण्याचा मार्ग मोकळा केला, आणि नोकरीसाठी इंग्रजी शिकणे आले. आपला कारकून इंग्रजी शिकला तो इंग्रज घरात बोलतो त्यावरून नव्हे, तर कचेरीतील जुन्या पत्रांच्या नकला करून. त्याला मिळाले ते दप्तराचे इंग्रजी. ते त्याने निष्ठेने गिरविले, तेव्हा इंग्रजांनी त्यास ‘बाबू इंग्लिश’ म्हणून नाके मुरडली. १८८६ च्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ कोशात ‘बाबू’ शब्दाला चिकटलेल्या या तुच्छतेची नोंद आहे. लंडनच्या ‘पंच’ साप्ताहिकातून एफ. ॲन्स्टी यांनी बाबू जबरजी नावाचे पात्र रंगविले आणि १८९७ साली त्याचे पुस्तक झाले. ज्यांनी साचा दिला, त्यांनीच साच्यातून निघालेल्या मूर्तीची टिंगल केली. यात आमच्या कारकुनाचा अपराध आम्हांला दिसत नाही. ‘डू द नीडफुल’ हे काही आपण घडविलेले इंग्रजी नव्हे. ते एकेकाळी इंग्लंडातील व्यापारी व वकील लिहीत असत. त्यांनी टाकून दिले, आपण जपून ठेवले.

परंतु याच राजवटीत उलट दिशेचे उदाहरणही आहे, आणि तेही मेकॉलेंचेच. १८३७ साली त्यांच्या आयोगाने सादर केलेल्या मसुद्यावरून १८६० साली भारतीय दंड संहिता झाली. तिच्यात व्याख्येपाठोपाठ छोटी छोटी उदाहरणे दिली होती : ‘अ’ने असे केले, ‘य’चे असे नुकसान झाले, तर अमुक गुन्हा घडला. कायदा सांगताना दाखला द्यावा, ही कल्पना विलक्षण सोपी होती. ती संहिता १ जुलै २०२४ रोजी जाऊन भारतीय न्याय संहिता आली, तरी उदाहरणे देण्याची ती रीत टिकली आहे.

येथे कोणी विचारील, की भाषा थोडी जड असली तर बिघडले कोठे? याचे उत्तर आपल्याच मुलखात आहे. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांवर चाल केली, आणि पुढे पुणे-नगरच्या गावांत हे लोण पसरले. त्यांचा रोख मुख्यतः कर्जरोख्यांवर आणि वह्यांवर होता. ते कागद त्यांनी हिसकावले, जाळले. दुष्काळ, सारा, कापसाचे उतरलेले भाव ही कारणे होतीच. पण ज्या कागदावर आपण अंगठा उठविला त्यात काय लिहिले आहे, हे त्या माणसाला वाचता येत नव्हते, ही आग त्याखाली धुमसत होती. तो कागद इंग्रजीत नव्हता, मराठीत होता. तथापि न कळणारा कागद कोणत्याही भाषेत तेवढाच घातक असतो. सरकारलाही हे पटले. १८७९ च्या दख्खन शेतकरी संरक्षण कायद्याने गावोगाव निबंधक नेमण्याची तरतूद झाली, आणि दस्तऐवज निबंधकासमोर लिहून पक्षकारांना वाचून दाखवावा असे ठरले. ‘वाचून दाखवावा’ या दोन शब्दांत आमच्या आजच्या व्याख्यानाचे सार आहे.

विसाव्या शतकात इंग्रजांनी आपल्याच दरबारी भाषेविरुद्ध जी मोहीम उघडली, ती आपल्याकडे पुरेशी पोहोचली नाही. १९०६ साली फाउलर बंधूंनी ‘द किंग्ज इंग्लिश’मध्ये परिचित शब्द अपरिचितापेक्षा बरा, आखूड शब्द लांबापेक्षा बरा, असा उपदेश केला. ९ ऑगस्ट १९४० रोजी, हवाई युद्ध ऐन भरात असताना, पंतप्रधान चर्चिल यांनी ‘ब्रेव्हिटी’ या मथळ्याचे टिपण काढले. कचेऱ्यांचे अहवाल आटोपशीर हवेत, भरतीचे वाक्प्रचार गाळावेत किंवा त्यांच्या जागी एकच शब्द घालावा, अशी त्यांची ताकीद होती. डोक्यावर बाँब पडत असताना ज्याला भाषेकडे लक्ष द्यावेसे वाटले, त्याला ती चैनीची बाब वाटत नव्हती हे उघड आहे. १९४६ साली जॉर्ज ऑर्वेल यांनी राजकारण आणि इंग्रजी भाषा या विषयावरील निबंधात दाखविले, की धूसर शब्दांआड क्रूर गोष्टी लपविता येतात. १९४८ साली सर अर्नेस्ट गॉवर्स यांनी सरकारी अर्थखात्याच्या विनंतीवरून ‘प्लेन वर्ड्स’ हे पुस्तक लिहिले. १९५४ साली त्याचे ‘द कम्प्लीट प्लेन वर्ड्स’ झाले. स्वतः आयुष्यभर सरकारी नोकरी केलेल्या माणसाने सरकारी नोकरांना सांगितले, की लिहिण्यापूर्वी वाचणाऱ्याचा विचार करा.

हे सारे वरून आलेले उपदेश. खालून आलेला आवाज लिव्हरपूलच्या क्रिसी माहर यांचा. किशोरवय बरेचसे उलटेपर्यंत त्यांना वाचता येत नव्हते. १९७९ साली त्यांनी लंडनच्या पार्लमेंट चौकात सरकारी फॉर्म जाहीरपणे फाडून ‘प्लेन इंग्लिश कॅम्पेन’ सुरू केली. सुप्याच्या शेतकऱ्याने कागद जाळला, या बाईंनी फाडला; दुखणे एकच. २६ एप्रिल १९९९ पासून इंग्लंडच्या दिवाणी न्यायालयांत नवे नियम लागू झाले, तेव्हा ‘प्लेंटिफ’चा ‘क्लेमंट’ झाला, ‘सबपीना’ची ‘विटनेस समन्स’ झाली, ‘इन कॅमेरा’च्या जागी ‘इन प्रायव्हेट’ आले. २०१० साली अमेरिकेने सरकारी लेखन सोपे असावे असा कायदाच केला.

आता व्यवहाराचे चार शब्द सांगतो. काही दरबारी शब्द अजून कामाचे आहेत. ते वापरायचे तर नेमके वापरावेत. ‘आय. ई.’ म्हणजे ‘म्हणजेच’, आणि ‘ई. जी.’ म्हणजे ‘उदाहरणार्थ’. भाडेकराराच्या कागदात ‘भाडेकरू कर भरील, आय. ई. पाणीपट्टी’ असे लिहिले तर केवळ पाणीपट्टीच त्याच्याकडे. त्याच जागी ‘ई. जी.’ पडले तर इतर करही त्याच्या गळ्यात. दोन अक्षरांचा हा खेळ खिशाला चाट लावू शकतो. ‘डियर सर’ने आरंभ केला तर शेवट ‘युवर्स फेथफुली’ने, आणि नावाने आरंभ केला तर ‘युवर्स सिन्सिअरली’ने, हा ब्रिटिश रिवाज. ‘विथ रिगार्ड टु’ बरोबर. त्यातल्या ‘रिगार्ड’ला अनेकवचनी ‘एस’ लावला की तो विषय सोडून नमस्कार पोहोचवू लागतो. त्यापेक्षा ‘अबाउट’ लिहावे. ‘रिव्हर्ट’चा मूळ अर्थ पूर्वस्थितीवर परत जाणे. आपल्याकडे तो ‘उत्तर द्या’ या अर्थाने रुळला, पण परदेशातील वाचक गोंधळतो, म्हणून ‘रिप्लाय’. ‘टेन्थ इन्स्टंट’ म्हणजे चालू महिन्याची दहा तारीख, ‘अल्टिमो’ म्हणजे गेल्या महिन्याची, ‘प्रॉक्सिमो’ म्हणजे पुढच्या. जहाजाने पत्रे जात तेव्हाचे हे शब्द. महिन्याचे नाव लिहिले की तिन्हींची गरज संपते. ‘प्रायर टु’ऐवजी ‘बिफोर’, ‘इन द इव्हेंट दॅट’ऐवजी ‘इफ’, ‘ड्यू टु द फॅक्ट दॅट’ऐवजी ‘बिकॉज’, ‘कमेन्स’ऐवजी ‘बिगिन’ : यांत काही हरवत नाही.

मात्र साधेपणाच्या भरात पारिभाषिक शब्द उडवू नयेत. ‘हेबिअस कॉर्पस’ हे लॅटिन असले तरी कैदेतल्या माणसाच्या सुटकेचे ते शस्त्र आहे. तडजोडीच्या पत्रावर ‘विदाउट प्रेज्युडिस’ लिहिण्यामागे, या पत्रातील कबुली न्यायालयात आपल्याविरुद्ध वापरली जाऊ नये, असा पक्का हेतू असतो. ज्या शब्दाला अजून काम आहे तो ठेवावा, ज्याला नाही त्यास सोडावे, ही कसोटी येथेही लागू पडते.

आणि ही कसोटी एकट्या इंग्रजीला नको, मराठीलाही हवी. शिवछत्रपतींनी राज्यव्यवहारकोश करवून फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले, ते स्वराज्याला स्वतःची भाषा असावी म्हणून. तोच उद्देश मनी धरून महाराष्ट्र राज्य झाल्यावर पदनाम कोश निघाला, तेव्हा त्यातील जड शब्द पाहून आचार्य अत्र्यांनी त्याला ‘बदनाम कोश’ म्हटले. त्यांतले कित्येक शब्द पुढे रुळले, हे खरे. पण परकी झूल उतरवून आपलीच जड झूल चढविली, तर बैलाचे ओझे काही कमी होत नाही, ही त्या टीकेतली शिकवण रास्त होती.

हा प्रश्न जुना झाला असे कोणी मानू नये. २०१७ साली हिमाचल प्रदेश उच्च न्यायालयाचा घरमालक-भाडेकरू वादातील एक निकाल सर्वोच्च न्यायालयापुढे आला. त्याचे इंग्रजी इतके गुंतागुंतीचे होते, की तो समजत नाही या कारणास्तव सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द करून पुन्हा लिहिण्यासाठी परत पाठविला. १५९६ साली लांबणीची शिक्षा पक्षकाराच्या मुलाला झाली. येथे तर खुद्द निकालच परत फिरला. आणि या दोन्ही प्रसंगी ज्याला न्याय हवा होता, तो माणूस दाराबाहेर ताटकळत होता.

म्हणून, श्रोतेहो, उद्या कोणास पत्र, अर्ज वा नोटीस लिहायला बसाल, तेव्हा कोणता शब्द भारदस्त दिसेल हे विचारू नका. तो कागद ज्याला पाळायचा आहे, त्याला तो एकदा मोठ्याने वाचून दाखविला तर कळेल काय, एवढे विचारा. कळत असेल, तर तुम्ही कोणाचेही आज्ञाधारक सेवक न होता त्याची खरी सेवा केली आहे.